शिक्षण सेवकाची तीन वर्षं आणि हातच्याची वजाबाकी

तिसरी-चौथीच्या वर्गात फळ्यावर ४०० − १३६ एवढं एकच गणित लिहावं आणि वह्या गोळा कराव्यात. बरोबर उत्तर २६४. पण ते सोडून आणखी तीन उत्तरं हमखास सापडतात : ३३६, ३०० आणि २७४. तिन्ही चुकलेली, पण प्रत्येकाची चूक निराळी. ३३६ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं. वरचा कोणता, खालचा कोणता हे पाहतच नाही. ३०० लिहिणाऱ्याच्या हिशेबी शून्यातून काही जात नाही, म्हणून तिथे शून्य. आणि २७४ लिहिणारं मूल हातचा घ्यायला शिकलेलं आहे. ते एककात दहा करतं, दशकातही दहा करतं. फक्त दशकातल्या दहांपैकी एक एककाला गेला आणि मागे नऊच उरले, ही एक पायरी त्याच्या हातून सुटते. लाल पेनची फुली मात्र तिघांनाही सारखीच मिळते, आणि सरावासाठी गणितंही तीच दहा.

शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे मानधनावर नेमलेला नवा शिक्षक म्हणून, पहिल्या तीन वर्षांत पुढचं शिक्षण कसं करावं, याबद्दल लिहायला बसलो आणि सुरुवात वजाबाकीने केली, याला कारण आहे. नोकरीत आल्याबरोबर भोवतालचे सगळे आपुलकीने विचारतात, 'आता पुढे काय करताय? एम.एड. की एम.ए.?' आम्ही केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) काही जणांनी नोकरी सांभाळून ही वाट चालून पाहिली आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली : प्रवेश आधी घेऊन विषय नंतर शोधायला निघालं, की लघुप्रबंधाशी, म्हणजे पदवीसाठी लिहायच्या छोट्या संशोधनाशी, येऊन गाडी अडते. ज्याच्या हातात वर्गातला एक नीट नोंदवलेला प्रश्न आधीच असतो, त्याची पदवीही पुढे सरकते आणि वर्गालाही तिचा उपयोग होतो. म्हणून क्रम असा ठेवावा : पहिलं वर्ष वह्या आणि नोंदी, दुसऱ्या वर्षी एक छोटं कृतिसंशोधन (आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून पाहणं) आणि परवानगीचे कागद, मग प्रवेश.

पैशाचंही गणित तेच सांगतं. शिक्षण सेवक योजना राज्यात २००० सालापासून आहे आणि सेवकाचा काळ तीन वर्षांचा. मानधन वर्षानुवर्षं प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होतं. १ जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. परजिल्ह्यात नेमणूक असेल तर १६,००० मध्ये खोलीभाडं, जेवण आणि गावी येणं-जाणं भागवायचं असतं. त्यात अभ्यासकेंद्राच्या खेपा, परीक्षा शुल्क आणि झेरॉक्स पहिल्याच वर्षी घालू नये. शिवाय पहिल्या वर्षी हजेरी, यू-डायस (शाळेची सरकारला द्यायची माहिती), पोषण आहाराच्या नोंदी, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्तं हे सगळं हाताखालून जायला वेळ लागतो. तो वेळ स्वतःला द्यावा.

पहिल्या वर्षी करायचं काम साधं आहे, पण रोजचं आहे. एक शंभर पानी वही घ्यायची. शाळा सुटल्यावर दहा मिनिटं बसून त्या दिवशी वर्गात जिथे काही अडलं असेल, तिथली एकच गोष्ट लिहायची : विषय, घटक, मुलाने नेमकं काय लिहिलं किंवा काय म्हटलं, आणि आपण त्यावर काय केलं. 'मुलांना वजाबाकी जमत नाही' हे वाक्य या वहीत नको. '५२ − २७ = ३५, पाच जणांनी' हे हवं. चूक जशीच्या तशी उतरवली तरच तिचा पुढे उपयोग होतो. दिवाळीपर्यंत अशा साठ-सत्तर नोंदी झाल्या की त्यातलं काय वारंवार येतंय ते आपोआप डोळ्यांपुढे येतं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतातच. ही वही सोबत असेल तर त्या नोंदी 'प्रयत्न करतो', 'सराव आवश्यक' अशा पुस्तकी राहत नाहीत. तिसरी-चौथीला ६० टक्के भार आकारिक (रोजच्या कामावरच्या) मूल्यमापनाला आहे आणि ४० टक्के संकलितला (सत्राअखेरच्या), म्हणजे रोजच्या निरीक्षणाला नियमातच मोठी जागा दिलेली आहे.

याच वर्षी केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेचा उपयोग करून घ्यायला शिकावं. परिषदेत सूचना आणि माहिती मागवण्याचं काम बराच वेळ खातं, हे खरं. पण चहाच्या वेळेत दोन अनुभवी शिक्षकांसमोर एका मुलाची वही उघडून ठेवावी आणि विचारावं, 'बाई, हा ३५ कसा आला असेल?' वीस वर्षं पहिली-दुसरी शिकवलेल्या बाई तिथल्या तिथे कारण सांगतात. 'मुलं गणितात कच्ची आहेत, काय करू?' असं मोघम विचारलं, तर उत्तरही मोघमच मिळतं. हीच वही पुढे डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) अधिव्याख्यात्यांना दाखवता येते. कृतिसंशोधनाला मार्गदर्शन करणं हे डाएटच्या कामातच बसतं, त्यामुळे विचारायला संकोच करू नये.

दीक्षा या सरकारी ॲपवरच्या प्रशिक्षणांबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकाला वर्षाला ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास सुचवला आहे, आणि त्यातला मोठा भाग आता दीक्षावर होतो. निष्ठा हे शिक्षकांचं देशपातळीवरचं प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झालं. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाच्या टप्प्यात त्याचे १२ कोर्स होते. अडचण बहुतेकदा तांत्रिक असते. व्हिडिओ शेवटपर्यंत न जाता पुढे ढकलला तर प्रगती ९० टक्क्यांच्या पुढे कुठेतरी अडकते. प्रोफाइलवर नाव चुकीचं असेल तर प्रमाणपत्रावरही तेच छापून येतं आणि मग ते दुरुस्त करून घेणं अवघड जातं, म्हणून कोर्स सुरू करण्याआधीच नाव सेवापुस्तकाप्रमाणे करून घ्यावं. बॅच संपल्यावर पूर्ण केलेल्या कोर्सचं प्रमाणपत्र मिळत नाही. प्रत्येक प्रमाणपत्राची पीडीएफ लगेच उतरवून वर्षवार फोल्डरमध्ये ठेवावी. आणि एक मनापासून सांगतो : मोबाइल बाजूला चालू ठेवून घेतलेले १२ कोर्स आणि वर्गात लावून पाहिलेला एक कोर्स यांत दुसराच आपल्याकडे राहतो. संख्याज्ञानाचा कोर्स करत असाल तर त्या आठवड्यात काड्या आणि गठ्ठे वर्गात बाहेर काढा.

आता मुख्य काम, दुसऱ्या वर्षाचं कृतिसंशोधन. डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) आणि बी.एड. दोन्हींत ते शिकवतात, पण तिथे बरेचदा अहवाल आधी लिहिला जातो आणि चाचण्या नंतर 'बसवल्या' जातात. इथे तसं करू नये, कारण समोरची मुलं आपली आहेत आणि वर्षभर आपल्याच वर्गात बसणार आहेत.

वेळ आधी ठरवावी. शाळा १५ जूनच्या सुमारास भरते, विदर्भात थोडी उशिरा. जुलैचा पहिला पंधरवडा चाचणीला, मध्य जुलै ते ऑगस्टअखेर सहा आठवडे उपचारात्मक अध्यापनाला, सप्टेंबरचा पहिला आठवडा उत्तरचाचणीला. गणपतीची सुट्टी कॅलेंडरमध्ये आधी पाहून घ्यावी. ती मध्ये आली तर एक आठवडा पुढे सरकतं. ऑक्टोबरमध्ये पहिल्या सत्राचं संकलित मूल्यमापन येतं, आणि मराठवाड्यात, नगर-बीड पट्ट्यात तर त्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुलं आईवडिलांबरोबर फडावर गेली, की उत्तरचाचणीला निम्मा वर्ग नसतो. जी मुलं जाणार, त्यांनाच या कामाची सर्वांत जास्त गरज असते. म्हणून हे काम दुसऱ्या सत्रावर टाकूच नये.

पूर्वचाचणी दहा गणितांची पुरते, पण प्रत्येक गणित कशासाठी घेतलं ते आधी लिहून ठेवावं. ४८ − २३ हे बिनहातच्याचं. इथे चुकणाऱ्या मुलाचा प्रश्न हातच्याचा नाहीच. ५२ − २७ साधा हातचा. ७० − ३४ मध्ये एककात शून्य; इथे ४४ किंवा ४० अशी उत्तरं आली की चुकीचा प्रकार कळतो. ६३ − ८ मध्ये आठ कोणत्या घराखाली लिहिला ते पाहायचं, म्हणून हे गणित आडवं द्यावं, उभं मांडून देऊ नये. ३०५ − १२८ आणि ४०० − १३६ शून्य ओलांडून हातचा घेण्यासाठी. दोन शाब्दिक उदाहरणं हवीतच : एक 'किती उरले'चं आणि एक 'किती जास्त'चं. 'सुमनकडे ४५ चिंचोके आहेत, रजियाकडे २८. सुमनकडे किती जास्त?' यात 'जास्त' शब्द वाचून कित्येक मुलं बेरीज करून ७३ लिहितात. ती चूक भाषेची आहे, वजाबाकीची नव्हे, आणि ती वेगळ्या रकान्यात जायला हवी.

चाचणीची गणितं तोंडी सांगू नयेत. मराठीत 'बावन्न' म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर. कानाला जे आधी आलं ते मूल आधी लिहितं आणि ५२ चे २५ होतात. 'एकोणसाठ' ऐकून ६९ लिहिणारी मुलं तर प्रत्येक वर्गात असतात, कारण त्यांनी 'साठ' पकडलेले असतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असं संख्यावाचन आलं, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. पण मुळातली अडचण खरी आहे आणि ती वर्गात रोज दिसते. म्हणून दहा संख्यांचं श्रुतलेखन वेगळं घ्यावं, त्यात २९, ३९, ५९, ६९ हव्यातच, आणि वजाबाकीची गणितं मात्र छापील द्यावीत. पुढे लघुप्रबंधात 'चाचणीची सप्रमाणता' नावाचा जो परिच्छेद लिहावा लागतो, तो हाच. ज्या चाचणीने वजाबाकी मोजायची, तिने चुकून श्रुतलेखन मोजू नये, एवढा त्याचा साधा अर्थ आहे.

तपासताना गुण देण्याची घाई नको. एका मोठ्या कागदावर तक्ता आखावा : उभ्या रांगेत मुलं, आडव्या रांगेत गणितं, आणि प्रत्येक चौकटीत मुलाने लिहिलेलं उत्तर. नावांऐवजी वि१, वि२ असं लिहावं, म्हणजे तोच तक्ता पुढे अहवालात लावता येतो. मग रंगीत पेन्सिलीने चुका ओळखाव्यात : 'मोठ्यातून लहान'ला एक रंग, 'शून्यातून शून्य'ला दुसरा, 'नऊ विसरला'ला तिसरा, मांडणीची चूक चौथा. ज्या उत्तराचा रंग ठरत नाही, त्या मुलाला जवळ बसवून तेच गणित मोठ्याने बोलत सोडवायला सांगावं. या वेळी आपण काही सुधारायचं नाही, फक्त ऐकायचं. हे सर्वांत अवघड जातं. आपली जीभ आपोआप 'अरे, हातचा कुठाय?' म्हणते. पाच मिनिटं गप्प बसता आलं तर मूल स्वतःच सांगून टाकतं की, 'दोनातून सात जात नाही, म्हणून सातातून दोन.' एक नियम त्याने तयार केला आहे आणि तो प्रामाणिकपणे पाळतंय.

साहित्य घरचंच. खराट्याच्या काड्या सारख्या लांबीच्या कापून, दहाचा एक गठ्ठा रबरबँडने बांधावा. दोन मुलांच्या जोडीला ९ गठ्ठे आणि ९ सुट्या काड्या, म्हणजे ९९ काड्या लागतात. २४ मुलांच्या वर्गात १२ जोड्यांना सुमारे १,२०० काड्या. एवढ्या तयार करायला चौथी-पाचवीच्या मुलांना दोन कार्यानुभवाचे तास पुरतात. टोकं घासून घ्यावीत, नाहीतर कुसळं टोचतात. शंभरासाठी दहा गठ्ठे एकत्र सुतळीने बांधून तीन-चार मोठे गठ्ठे शिक्षकाजवळ ठेवावेत. नुसत्या दशकाच्या पट्ट्या किंवा प्लास्टिकचे तुकडे यासाठी कमी पडतात, कारण पट्टी उलगडता येत नाही. ती देऊन दहा सुटे तुकडे घ्यावे लागतात आणि अदलाबदल ही लहान मुलाला दुसरीच कृती वाटते. रबरबँड काढला की त्याच काड्या सुट्या होतात. संख्या बदललेली नाही, फक्त बांधणी सुटली, हे हाताला कळतं.

सत्रं आठवड्याला चार, प्रत्येकी २५ मिनिटांची. सहा आठवड्यांत २४ सत्रं, म्हणजे एकूण दहा तास. पहिल्या आठवड्यात कागदावर एकही गणित नाही. ५ गठ्ठे २ सुट्या काड्या मांडा, २७ मला द्या. मूल दोन सुट्यांकडे पाहतं, मग गठ्ठ्याकडे पाहतं, मग विचारतं, 'सोडू का?' हा प्रश्न मुलाकडूनच यायला हवा. आपण 'आता गठ्ठा सोडा' म्हटलं की तो पुन्हा एक नियम होतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक मूल काड्या हाताळतं आणि जोडीदार त्याच वेळी पाटीवर लिहितो : गठ्ठा सुटला की पाटीवरचा ५ खोडून ४ आणि २ चे १२. काड्या आणि आकडे एकाच क्षणी बदलले पाहिजेत. आधी काड्यांचा तास आणि नंतर वहीचा तास असे दोन वेगळे केले, तर मुलांना काड्यांनीही येतं, वहीत मात्र ५२ − २७ पुन्हा ३५ च राहतं. या कामात सर्वांत जास्त वेळा बिघडणारी जागा हीच.

शून्याचं गणित चौथ्या आठवड्यात घ्यावं आणि त्यावर घाई करू नये. चारशे म्हणजे चार मोठे गठ्ठे, बाकी हात रिकामा. १३६ मधल्या सहा काड्या द्यायच्या आहेत. सुट्या नाहीत, दहाचे गठ्ठेही नाहीत. मुलं शंभराची सुतळी सोडतात : दहा गठ्ठे झाले. अजून सुट्या नाहीत. मग त्यातला एक गठ्ठा सोडतात. आता समोर तीन मोठे, नऊ गठ्ठे आणि दहा सुट्या. 'नऊ कुठून आले?' एवढंच विचारावं. २७४ लिहिणारं मूल इथे थांबतं, गठ्ठे मोजतं, पुन्हा मोजतं. एकाच सत्रात तीनपेक्षा जास्त गणितं होत नाहीत आणि होऊही नयेत.

दोन शिक्षकी शाळेत हे कसं जमवायचं, हा प्रश्न येतोच. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक असतात, एका खोलीत दोन-तीन इयत्ता असतात. तिसरीबरोबर २५ मिनिटं काढायची तर त्या वेळी इतरांना शिक्षकाची गरज पडणार नाही असंच काम द्यावं लागतं : पाचवीला ग्रंथपेटीतल्या पुस्तकाचं वाचन आणि दोन ओळी लिहिणं, पहिलीला मण्यांच्या माळेवर मोजणं. नवीन घटकाचा स्वाध्याय त्या वेळी देऊ नये. दर दोन मिनिटांनी कुणीतरी येऊन 'सर, हे कसं?' विचारतं आणि सत्र तुटतं. परिपाठानंतरचा पहिला तास यासाठी चांगला. दुपारी खिचडीनंतर काड्या हातात दिल्या की त्यांच्या तलवारी होतात.

उत्तरचाचणीत तीच गणितं देऊ नयेत. ५२ − २७ च्या जागी ६१ − ३६, ४०० − १३६ च्या जागी ५०० − २४७. काठिण्य तेच, आकडे नवे. चुकीचं उत्तरही ओळखता यायला हवं : ५०० − २४७ मध्ये ३४७ आलं तर 'मोठ्यातून लहान', ३०० आलं तर 'शून्यातून शून्य', २६३ आलं तर 'नऊ विसरला'. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरल्यावर हीच चाचणी आकडे बदलून तिसऱ्यांदा घ्यावी. सप्टेंबरचा निकाल नेहमीच गोड असतो, कारण काड्या नुकत्याच हातातून ठेवलेल्या असतात. सुट्टीनंतर जे उरतं ते खरं. चोवीस सत्रांपैकी सहापेक्षा जास्त सत्रांना गैरहजर असलेल्या मुलांचा निकाल वेगळा दाखवावा, पण गाळू नये.

आकडेमोडीत फार शिरू नये. २२ मुलांच्या वर्गात 'चूक ३६.३६ टक्क्यांवरून ९.०९ टक्क्यांवर आली' असं लिहिण्यापेक्षा '२२ पैकी ८ जण होते, आता २' हे जास्त स्पष्ट आणि जास्त खरं. एकाच गटाची पूर्व आणि उत्तर चाचणी घेतली असेल, तर सुधारणा केवळ काड्यांमुळेच झाली असं ठामपणे म्हणता येत नाही. त्या सहा आठवड्यांत मुलं मोठी झाली, नेहमीचे तासही झाले. हे अहवालाच्या 'मर्यादा' या भागात सरळ लिहावं. मर्यादा लिहिल्याने काम कमी दर्जाचं ठरत नाही. मार्गदर्शक ते आधी वाचतात आणि त्यावरून शिक्षकाला आपलं काम कळलंय की नाही ते ओळखतात.

हे हातात आलं की मग पदवीचा विचार. बारावी आणि डी.एल.एड.वर लागलेल्यांनी आधी पदवी पूर्ण करावी. सहावी ते आठवीच्या पदवीधर शिक्षकपदाची वाट तिथूनच जाते. पदवी असेल आणि बी.एड. नसेल, तर प्रशिक्षित सेवांतर्गत शिक्षकांसाठी दूरशिक्षणाचं बी.एड. आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ते देतं. नियमित बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आणि त्यात २० आठवडे शाळेत छात्रसेवाकाल (प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव) असतो, त्यामुळे नोकरी सांभाळून ते होत नाही. एम.एड.ही दोन वर्षांचं आणि पूर्णवेळ हजेरीचं. म्हणून नोकरीतल्या बहुतेकांना एम.ए. शिक्षणशास्त्र सोयीचं पडतं. दोन्हींतला फरक समजून घ्यावा : एम.एड. ही शिक्षक-प्रशिक्षकाची व्यावसायिक पदवी, एम.ए. ही शिक्षणशास्त्र या विषयाची शैक्षणिक पदवी. २०१४ च्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या नियमांत बी.एड. महाविद्यालयातल्या तात्त्विक विषयांच्या अध्यापकासाठी एम.ए. शिक्षणशास्त्र आणि बी.एड. हा पर्यायही दिलेला आहे, दोन्हींत ५५ टक्के धरून. नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांनाही खुल्या गटाला ५५ टक्केच लागतात. तेव्हा '५० आले तरी चालतील' असं म्हणून परीक्षा देऊ नये. ५४ वर थांबलेल्यांना पुढे फार मनस्ताप होतो.

प्रवेशाआधी परवानगी. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुखांकडे, तिथून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) कार्यालयात. अर्जाला नेमणूक आदेश, शेवटच्या परीक्षेचं गुणपत्रक, अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक आणि 'अध्यापनाच्या कामात व्यत्यय येऊ देणार नाही' असं हमीपत्र जोडावं. दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेची पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज. प्रवेश जुलैचा असेल तर अर्ज मार्चमध्ये द्यावा. मे महिन्यात बदल्यांचं काम चालू असतं आणि फाइल टेबलावरून हलत नाही. परवानगी न घेता पदवी केली तर तिची नोंद सेवापुस्तकात घेताना अडचण येते, आणि नोंद नसेल तर पदोन्नतीच्या वेळी ती पदवी दाखवता येत नाही.

दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक) आणि डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा क्रमांक) लागतो. दोन्ही आधारवर चालतात, त्यामुळे आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि पदवीचं गुणपत्रक या तिन्हींवर नाव एकच हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या शिक्षिकांचे अर्ज इथेच अडकतात. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध झालेला नसेल तर ते काम प्रवेशाच्या निदान दोन महिने आधी सुरू करावं. विद्यापीठाचा तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या वर्षासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे ना, हे स्वतः संकेतस्थळावर पाहावं. गावातल्या केंद्रचालकाच्या शब्दावर जाऊ नये.

इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. जूनचं वेळापत्रक शाळा सुरू होण्यावर येतं, हे आधीच मुख्याध्यापकांच्या कानावर घालावं. स्वाध्याय हाताने लिहावे लागतात. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी त्यासाठी राखून ठेवली तर शेवटच्या आठवड्यात रात्री जागाव्या लागत नाहीत. स्वाध्यायात वर्गातली उदाहरणं द्यावीत. ज्ञानरचनावादावरच्या (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं या विचारावरच्या) प्रश्नाला पुस्तकातली व्याख्या सगळेच लिहितात. २०१५ च्या आसपास साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या ज्ञानरचनावादाने शिकवणाऱ्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. परत येऊन पुष्कळ शाळांनी फरशा रंगवल्या, पण मूल जोडीदाराशी बोलत बोलत शिकतंय का, हे पाहायचं राहून गेलं. असा एखादा परिच्छेद आपल्या अनुभवातून लिहिला की उत्तराला वजन येतं.

लघुप्रबंधाच्या वेळी दुसऱ्या वर्षाचा रंगीत तक्ता बाहेर काढावा. शीर्षक आखूड आणि बांधलेलं ठेवावं : 'इयत्ता तिसरीच्या विद्यार्थ्यांच्या हातच्याच्या वजाबाकीतील चुकांचा अभ्यास', पुढे तालुका आणि वर्ष. 'ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या गणितविषयक समस्या' असं शीर्षक घेतलं, तर आराखडा परत येतो, कारण त्याला दहा वर्षंही पुरणार नाहीत. जुनाच अहवाल पुन्हा सादर करायचा नाही; तो पथदर्शी अभ्यास म्हणून उल्लेखायचा आणि नवी माहिती केंद्रातल्या चार-पाच शाळांतून गोळा करायची. त्यासाठी त्या शाळांच्या मुख्याध्यापकांचं लेखी संमतीपत्र आणि पालकांना दिलेली माहिती, दोन्ही परिशिष्टात लावावीत. चाचणी आपण स्वतः जाऊन घ्यावी. दुसऱ्याच्या हाती दिली तर कुठे वेळ वाढवून मिळतो, कुठे फळ्यावर एक गणित सोडवून दाखवलं जातं, आणि मग शाळांची तुलना करता येत नाही.

तोपर्यंत आपल्या तिसरीची मुलं चौथीत गेलेली असतात आणि वर्गात लांब भागाकार चालू असतो. ३१२ भागिले ४. चार साते अठ्ठावीस, ३१ च्या खाली २८ लिहिले, आता वजाबाकी. आणि दिवाळीनंतरच्या चाचणीत ज्या दोघा-तिघांचा रंग बदलला नव्हता, त्यांच्या वहीत ३१ वजा २८ बरोबर १७ दिसतं. सतरा चारापेक्षा मोठे, पुढे काय करायचं ते कळत नाही, पेन्सिल थांबते. काड्यांची पेटी चौथीच्या खोलीत आणून ठेवावी.